टेबल जरा डावीकडे घ्या

भूलवाल्या डॉक्टरचं काम म्हणजे पेशंटला झोपवायचं आणि उठवायचं, असं लोकांना वाटतं. खरं काम म्हणजे ऑपरेशन टेबलाचा रिमोट सापडवायचा. तो टेबलाच्या कडेच्या रेलवर लटकवायचा असतो, मामांनी (म्हणजे आमच्या वॉर्डबॉयनी) लटकवलेलाही असतो, पण वरून ड्रेप, म्हणजे ऑपरेशनच्या चादरी, पडल्या की तो, त्याची गुंडाळीची वायर, ईसीजीच्या वायरी, सलाईनची नळी सगळं एकत्र, आणि मी खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपडतोय तोवर तिकडून सर्जनचं सुरू, "टेबल! अहो टेबल!"

बरं सापडला, पुढं काय? स्क्रीन झोपलेली. आधी ऑनचं बटण दाबून तिला उठवा, मग हवं ते बटण दाबा, आणि दाबूनच धरा, बोट उचललं की टेबल जागच्या जागी थांबतं, आणि चाकांचं लॉक नीट लागलं नसेल तर नुसती टूंटूं करतं, पण हलत नाही, रुसलेल्या जावयासारखं.

आता दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये टेबल फार महत्त्वाचं, हे मान्य. पित्ताशयाला डोकं वर आणि टेबल डावीकडे कलतं, म्हणजे आतडी आपोआप बाजूला सरकतात. अपेंडिक्सला डोकं खाली, पण कल परत डावीकडेच. फुकटात मिळणारा असिस्टंट आहे हो गुरुत्वाकर्षण! फक्त डावीकडे म्हणजे कुणाच्या? मी डोक्याशी उभा, माझं आणि पेशंटचं डावं एकच. सर्जन पेशंटच्या डाव्या अंगाला, त्यांचा डावा हात पेशंटच्या पायांकडे. समोरच्या असिस्टंटचा डावा हात थेट माझ्याकडे. एका खोलीत तीन डावीकडे, आणि वर सर्जन मॉनिटरकडे बघत बोटानं दाखवणार, "इकडं". सर, इकडं म्हणजे भिंत आहे.

दुसरं माप "थोडं". मी बटण दाबतो, "थोडं", अजून दाबतो, "थोडं थोडं", मग एकदम "अहो किती?! परत घ्या". सिझेरियनला जरा बरं, तिथं १५ अंश डावीकडे असं पुस्तकात छापलंय, गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून. पण तिथं बाई जागी असते ना, तिला ते १५ अंश पन्नास वाटतात, "डॉक्टर, मी पडतीय!" मावशी तिचा हात धरून "नाय पडत गं बाई, पट्टा बांधलाय".

आणि स्पायनल, म्हणजे पाठीतली भूल, देऊन हात पुसतोय न पुसतोय तोच "हेड लो द्या". नाही देणार. औषध हेवी असतं, पाठीच्या पाण्यापेक्षा जड, आत्ता डोकं खाली केलं तर ते वर छातीकडे चढेल आणि बीपी धाडकन खाली. तेवढ्यापुरता रिमोट माझ्या खिशात. (खरंच खिशात ठेवतो.)

ही डोकं खाली पोझिशन ट्रेंडेलनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनची, १८८५ मध्ये त्यांच्या शिष्यानं ती छापली. सुरुवातीला म्हणे एक माणूस पेशंटचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन उभा राहायचा. म्हणजे पहिला रिमोट माणूसच होता, आणि त्याला "थोडं" कळत असणार.

सगळ्यात वाईट ते रिव्हर्स बटण. एक्स-रेच्या सी-आर्मला टेबलाखाली जागा हवी म्हणून पेशंटला कधी उलटं झोपवतात, मग रिमोटलाही सांगावं लागतं की बाबा, आता डोकं पायांकडे आहे. रिमोटवर एक छोटा माणूस काढलाय, तो कायम एकाच बाजूला डोकं करून निवांत. त्याला सांगायचं राहिलं की पायाचं बटण दाबल्यावर हलते डोक्याची बाजू, आणि ओरडा मला. मूत्रखडेवाले सर तर त्या छोट्या माणसाकडे बघून विचारतात, "हा आपला पेशंट का?"

परवा ऐन टाके घालताना बॅटरी संपली. चार्जिंगच्या प्लगला कुणाचा तरी मोबाईल. टेबल डोकं खाली करून ठप्प. मामा शांतपणे खाली बसले, कॉलममधला पायानं मारायचा पंप काढला आणि टेबल सरळ करायला लागले. सर्जन म्हणाले, "मामा, अजून थोडं."

मामा म्हणाले, "साहेब, तुमचं थोडं का डॉक्टरांचं?"