शिस्तीच्या चर्चेत हरवलेला प्रश्न

सायकलस्वाराच्या अपघाताची बातमी आली की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. त्याने हेल्मेट घातले होते का, मागचा दिवा चालू होता का, एवढ्या रहदारीत सायकल काढायची गरजच काय होती, असे प्रश्न आधी येतात. आणि मग कोणीतरी परदेशाचा दाखला देऊन ‘आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. जर्मनीत राहून रोज सायकलने कामावर जाणाऱ्या मला या निकालातला परदेशाबद्दलचा भाग तरी मान्य करता येत नाही.

कारण कट मारून जाणारे चालक येथेही आहेत. सामान पोहोचवणारी गाडी चारी इंडिकेटर लावून सायकलच्या पट्ट्यात खुशाल उभी असते; सायकलस्वाराला मान वळवत मोटारींच्या रांगेत शिरावे लागते, आणि मागून हॉर्न वाजतो तो त्याच्यासाठी, त्या उभ्या गाडीसाठी नव्हे. काच खाली करून ‘सायकल ट्रॅकवरून जा’ असे दरडावणारे चालक तर खास येथलेच म्हणावेत, कारण निळा गोल फलक असेल तेथेच ट्रॅक वापरणे सक्तीचे असते हे त्या उपदेशकांना बहुधा ठाऊक नसते. सायकलवालेही काही संत नाहीत. रात्री दिव्याविना आणि पदपथावरून सायकली हाकणारे रोज दिसतात, आणि त्यांचा त्रास वृद्ध पादचाऱ्यांना होतो. २०२३ साली जर्मनीत रस्त्यांवर २,८३९ माणसे दगावली, त्यांत ४४६ सायकलस्वार होते. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्या आकड्यापुढे ही संख्या लहान दिसते, पण हा फरक जर्मन माणसाच्या स्वभावातून आला असे मानायला मी तयार नाही.

फरक कशात आहे ते २०११ सालच्या एका अपघातावरून कळते. उत्तर जर्मनीत एक महिला सायकलवरून जात असताना रस्त्याकडेला उभ्या मोटारीचे दार तिच्यासमोर अचानक उघडले गेले, ती पडली आणि डोक्याला गंभीर दुखापत झाली. तिने हेल्मेट घातलेले नव्हते. प्रांतातील वरिष्ठ न्यायालयाने त्याबद्दल तिच्यावर २० टक्के दोष ठेवला, पण जून २०१४ मध्ये देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि पूर्ण भरपाईचा तिचा हक्क मान्य केला. हेल्मेटची सक्ती कायद्यात नव्हती, आणि त्या काळी वस्तीत सायकल चालवणारे बहुसंख्य लोक ते वापरतही नव्हते. मग मागे न बघता दार उघडणाऱ्याच्या चुकीतला वाटा तिच्या माथी कसा मारायचा, असा त्यामागचा विचार होता. हेल्मेट घालू नये असे न्यायालयाने म्हटलेले नाही. मी स्वतः घालतो आणि सर्वांनी घालावे असेच मला वाटते.

यामागे एक जुने तत्त्व आहे. मोटार चालवणे हीच मुळात इतरांसाठी जोखीम निर्माण करणारी गोष्ट असल्यामुळे, तिच्यामुळे कोणी जखमी झाले तर चूक सिद्ध होण्याची वाट न पाहता वाहनमालक, म्हणजे व्यवहारात त्याची विमा कंपनी, जबाबदार धरली जाते. जखमी सायकलस्वाराचा स्वतःचा निष्काळजीपणा दिसला तर भरपाई कमी होते, पण दहा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तोही मुद्दा सहसा काढता येत नाही. वाहतुकीचे नियमही याच दिशेने गेले आहेत: साडेतीन टनांहून जड ट्रकने वस्तीत उजवीकडे वळताना, जेथे सायकलस्वार किंवा पादचारी आडवे येऊ शकतात, तेथे माणसाच्या चालीने वळायचे, असा नियम २०२० पासून आहे.

यावर आपल्याकडून येणारे उत्तर मला ऐकू येते. ‘आमच्याकडे चूक कोणाचीही असो, मार मोठ्या गाडीवाल्यालाच बसतो, आणखी काय हवे?’ हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही, कारण जमावाच्या भीतीने जखमीला टाकून पळालेले चालक आपण सर्वांनी ऐकले आहेत. पण जमाव माणसाला शिक्षा देतो. येथला कायदा नुकसानीचा भार वाहनावर टाकतो आणि चालकाचा गुन्हा स्वतंत्रपणे तपासतो. शिवाय हे तत्त्व आपल्याला परके नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. त्याहून अधिक हवे असेल तर मात्र निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी पीडितावर येते, आणि रोज सायकलने कामावर जाणारा मजूर किंवा चौकीदार ती कशी पेलणार, हा प्रश्न आपल्या शिस्तीच्या चर्चेत कधी निघत नाही.

दुसरा आक्षेप रस्त्यांच्या रुंदीचा असतो. सायकलस्वाराला ओलांडताना वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडण्याचा येथला नियम आपल्या गल्ल्यांत हास्यास्पद ठरेल, असे म्हणतात. येथल्या जुन्या शहरांतही असंख्य रस्त्यांवर तेवढी जागा नाही. पण रस्ता रुंद असेल तरच अंतर सोडा, असे नियम म्हणत नाही. जागा नसेल तेथे ओलांडायचे नाही, सायकलच्या मागे तिच्याच वेगाने चालत राहायचे, एवढेच तो सांगतो, आणि त्यासाठी रस्ता एक फूटही रुंद करावा लागत नाही.