शब्द बदलणं वेगळं, धास्तीने गप्प बसणं वेगळं

जपानीतले स्त्री-पुरुषवाचक शब्द बदलणं आणि लोकांनी भीतीपोटी शब्द गिळणं, हे दोन्ही सेन्सॉरशिपच, असं म्हणत एका लेखात एकाच माळेत ओवलंय. मला ते पटलं नाही. जपानमध्ये बाई नर्सला ‘कांगोफु’ म्हणत, पुरुष असेल तर ‘कांगोशी’. मार्च २००२ पासून कायद्यानेच दोघांना ‘कांगोशी’ हे एकच पदनाम मिळालं. त्यातही उच्चार तोच ठेवून ‘शी’चं लिपीचिन्ह बदललं, म्हणजे पुरुषांचं जुनं नाव बायकांच्या माथी मारलं नाही. किती विचारपूर्वक केलंय हे! (सुईणीचं पदनामही तेव्हाच बदललं, पण त्या कामाचा परवाना आजही फक्त बायकांनाच मिळतो.)

खरी काळजी वाटते ती दुसरीकडे. जपानी टीव्हीवरचे तथाकथित ‘बंदी’चे शब्द सरकारने बंद केलेले नाहीत, तक्रारी नकोत म्हणून वाहिन्यांनी ते आपणहून टाळलेत. १९९३ मध्ये जपानी लेखक यासुताका त्सुत्सुई यांची कथा पाठ्यपुस्तकात येणार म्हटल्यावर तिच्यातल्या अपस्माराच्या उल्लेखाला अपस्माराच्या रुग्णांच्या संघटनेने हरकत घेतली. त्यावरून वाद पेटला आणि त्सुत्सुईंनी लेखणीच खाली ठेवली. रुग्णांचं दुखणं खरंच होतं, म्हणूनच त्यावर मोकळेपणाने बोलायला हवं.

राहिला नवऱ्यासाठीचा ‘शुजिन’ हा शब्द, म्हणजे धनी, मालक. स्वतःच्या नवऱ्याला ‘ओत्तो’ (नुसतं ‘नवरा’) म्हणता येतं, पण समोरच्या बाईच्या नवऱ्याची चौकशी करताना ‘गोशुजिन’इतका रुळलेला आदरार्थी शब्द नाही, म्हणून बायका अडखळतात. याला कृपा करून सेन्सॉरशिप म्हणू नका.