राणीसारखं दिसणं परवडतं

"तुमच्याकडे माझे वीस पौंड राहिलेत ना?"

गणपतीची आरती रंगात आलेली आणि एक बाई माझ्या कानाशी येऊन हे विचारतात! लंडनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, त्यातली पाच माझी अशाच प्रश्नांना उत्तरं देण्यात गेली. इथल्या मराठी मंडळींत म्हणे हुबेहूब माझ्यासारखी दिसणारी एक बाई आहे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा अर्धा संसार मीच सांभाळते. तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी माझ्याकडे होते. मोदकांच्या सारणात तिने गूळ कमी घातला, बोलणी मी खाल्ली. मागच्या दिवाळीत कुणीतरी स्टीलचा डबा माझ्या हातात कोंबला आणि "चिवडा झकास झाला होता हं!" म्हणत बसमागे धावलं. डबा अर्थातच रिकामा.

रडगाणं ऐकून नवरा म्हणाला, "त्यात काय एवढं? जेनेट चार्ल्सने यावर आख्खं करिअर केलं."

ही जेनेट म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीची तोतया. तोतया म्हटलं की आपल्याला भाऊसाहेबांचा आठवतो. तो बिचारा पुण्यात जिवानिशी गेला. हिला मात्र लोक मानधन देऊन बोलवायचे! राणीचा जन्म एप्रिल 1926चा, हिचा ऑक्टोबर 1927चा. 1972 मध्ये हिने हौसेने स्वतःचं तैलचित्र काढून घेतलं, तर बघणाऱ्यांना ते राणीचंच वाटलं. झालं, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर बाईंचं नशीब फळफळलं. माझ्या पंचेचाळिशीत मला काय मिळालं, तर डबा.

पुढे ती अमेरिकेतल्या विनोदी सिनेमांतही राणी झाली. 'द नेकेड गन' (1988) मध्ये तर तो वेंधळा पोलीस भर मेजवानीत राणीला वाचवायला म्हणून तिच्यावर झेप घेतो आणि दोघं लांबलचक टेबलावरून घसरत जातात. खरी राणी घसरणार नाही, म्हणून तर खोटीला काम!

मला आवडते ती मात्र विमानतळावरची जेनेट. खऱ्या राणीला पासपोर्ट लागत नसे, कारण इथले पासपोर्ट निघायचेच मुळी तिच्या नावाने. जेनेटला मात्र तो काढावाच लागला असणार. म्हणजे बघा, समोर साक्षात राणीचा चेहरा, हातात पासपोर्ट, आणि आत लिहिलेलं की महाराणींच्या नावे विनंती आहे, या बाईंना सुखरूप जाऊ द्यावं. त्या अधिकाऱ्याने शिक्का मारला असेल की उभा राहिला असेल?

तर मुद्दा असा की, सारखं दिसायचंच असेल तर माणूस बघून दिसावं. मूळ मूर्ती राणी असेल तर नुसता हात हलवून भागतं. मूळ मूर्ती मंडळाच्या स्वयंपाकघरात असेल, तर पातेली घासावी लागतात. मी घासली आहेत. "तुम्ही मागच्या वर्षी किती छान घासली होतीत!" असं कुणी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? तिची अब्रू माझ्या हातात होती.

संधिवाताने जेर केल्यावर 2014 मध्ये जेनेटने राणीपद सोडलं. राणी 2022 मध्ये गेली, जेनेट 2024 मध्ये. दोघीही वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. साम्य टिकवावं तर असं! मला सहाव्या वर्षीच निवृत्ती हवी होती.

म्हणून यंदा निश्चय केला. डबा पिशवीत घातला आणि मंडळात चौकश्या करत करत तिला गाठलीच. प्रसादाच्या रांगेत उभी होती. पाहिलं आणि खचलेच. कशात काही साम्य नाही! ती माझ्याहून बुटकी, नाक अंमळ बसकं, आणि साडी तर... असो. तिनेही मला आपादमस्तक न्याहाळलं. तिच्याही चेहऱ्यावर तीच निराशा दिसली, याचा मला जरा रागच आला.

"तुमचा डबा," मी म्हटलं.

तिने झाकण उघडलं, उलटसुलट करून पाहिलं.

"माझा नाही हो हा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हालाही त्या हॅरोच्या वहिनीच समजतात का?"