तूप वाढलं, पोळ्या मात्र तेवढ्याच

लो-कार्ब (भात, पोळी, साखर यांतली कर्बोदकं कमी) की लो-फॅट (तेल-तूप कमी), यावरून सगळीकडे जी हमरीतुमरी चालते ती बघून वाईट वाटतं. कारण वजन कमी करू पाहणारी बरीच माणसं यांतलं एकही धड करत नाहीत. 'तुपाने वजन उतरतं' असं ऐकून वरणभातावर दोन चमचे तूप जास्त येतं. पोळ्या तीनच्या तीन राहतात. दोन चमचे तूप म्हणजे १० ग्रॅम फॅट, ९० कॅलरी. जेवण तेवढंच ठेवून दोन्ही वेळा हे केलं तर वजन वाढणारच, त्यात तुपाचा काय दोष?

आधी अभ्यास काय सांगतो ते बघू. अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना वर्षभर या दोन आहारांवर ठेवलं. निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. लो-फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. जनुकं किंवा इन्सुलिनची पातळी बघून कुणाला कोणता आहार लागू पडेल हे आधी सांगता येईल अशी आशा होती, तीही फोल ठरली. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: दोन्ही गटांत कुणाचं वजन ३० किलोच्या आसपास उतरलं, तर कुणाचं १० किलोच्या आसपास वाढलं. म्हणजे एकाच आहारावरच्या दोन माणसांत जेवढा फरक पडला, त्यापुढे दोन आहारांमधला फरक काहीच नाही. आणि साखर, मैदा, पाकिटातले पदार्थ कमी करा आणि भाज्या भरपूर खा, हे दोन्ही गटांना सांगितलेलं होतं.

वर्ष संपताना लो-कार्ब गट दिवसाला साधारण १३२ ग्रॅम कार्ब खात होता. आता आपलं दुपारचं ताट मोजा. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे अंदाजे २० ग्रॅम कार्ब, तीन पोळ्यांचे ६०. वाटीभर भात (शिजलेला, १५० ग्रॅम) ४०. आमटीचे १५ ते १८. बटाट्याच्या भाजीचे आणखी १५. त्या लोकांचा दिवसभराचा कोटा आपल्या एकाच जेवणात संपला! आणि प्रोटीन? जेमतेम १८-२० ग्रॅम. खरी अडचण ही आहे. ६० किलोच्या माणसाला वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं. (किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच विचारा.)

उपासाची साबुदाण्याची खिचडी तर दोन्ही परीक्षांत नापास. एका प्लेटला ७५ ग्रॅम साबुदाणा धरला तर त्याचेच ६५ ग्रॅम कार्ब, वर बटाटा, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटातून १५ ग्रॅम फॅट, फोडणीच्या तुपातून १०. प्रोटीन जे काय सात-आठ ग्रॅम मिळतं ते कुटातलं. साबुदाण्यात जवळपास शून्य.

ज्याला लो-कार्ब करायचंय त्याने भात बंद करून ५० ग्रॅम पिठाची एकच ज्वारीची भाकरी ठेवावी. सोबत ४० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ, दोन वाट्या पालेभाजी किंवा दोडका-कोबी, आणि दोन अंडी, १०० ग्रॅम पनीर किंवा बांगडा. कडधान्यातही कार्ब असतातच, त्यामुळे शाकाहारी माणसाने कीटोच्या, म्हणजे दिवसाला जेमतेम २० ग्रॅम कार्बवाल्या आहाराच्या, नादी लागू नये. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हुरळूनही जाऊ नका. त्यातलं बरंचसं पाणी असतं, शरीरात साठलेल्या कार्बसोबत (ग्लायकोजन) निघून गेलेलं. डोकं दुखतं, गरगरतं, तेही त्याच दिवसांत. मीठ घातलेलं ताक आणि भरपूर पाणी प्यायलं की बहुतेकांना बरं वाटतं.

लो-फॅट फसतं ते मारी बिस्किटं, चुरमुरे आणि 'फॅट फ्री' फ्लेवर्ड दह्यामुळे. तेल गेलं, त्या जागी साखर आणि पिष्ट आलं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढतात आणि तासाभरात पुन्हा भूक. नीट केलं तर मात्र हा आहार चांगला आहे. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी २० जणांना संशोधन केंद्रातच ठेवून, पोटभर खायची मुभा देऊन बघितलं, तेव्हा वनस्पतीजन्य लो-फॅट आहारावर माणसं कीटोपेक्षा दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खात होती. घरात सुरुवात तेलाच्या डब्यापासून करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या हिशेबात २००० कॅलरींच्या आहारात माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप बसतं. चौघांच्या घराला महिन्याला तेल-तूप मिळून साडेतीन लिटर. तुमच्याकडे किती संपतं ते किराणाच्या बिलावरच दिसेल.

निवड कशी करायची? माझं मत स्पष्ट आहे: रिपोर्ट बघून. रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील तर आधी भात-पोळी कमी करा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं असेल तर तूप, लोणी, चीज, खोबरं आधी. दोन्ही ठीक असेल तर जे वर्षभर निभेल ते.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कार्ब एकदम तोडू नका. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन तेवढंच ठेवून भाकरी बंद केली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर कीटो केलं तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा जिवावरचा त्रास) होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. बीपीच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरताना पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

लो-कार्ब सुरू केल्यावर तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पुन्हा करा. एलडीएल चढलं असेल तर भात परत आणायची गरज नाही. तूप-खोबरं कमी करून शेंगदाणा तेल, मूठभर दाणे आणि मासे वाढवा, आणि आणखी तीन महिन्यांनी परत तपासा.