दुर्बीण मोठी असून भागत नाही
क्वेसारवरचा लेख छान आहे, पण ‘दुर्बीण मोठी झाली की दूरचे क्वेसार आपोआप सापडतात’ हे वाक्य खटकलं. (क्वेसार म्हणजे महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झगझगणारं दूरच्या आकाशगंगेचं केंद्र.) जपानच्या सुबारू दुर्बिणीचा आरसा ८.२ मीटरचा, तरी तिच्या फोटोतही मंद क्वेसार म्हणजे नुसता एक लाल ठिपका. आपल्याच आकाशगंगेतले तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेले मंद गोल) हुबेहूब तसेच दिसतात आणि संख्येने कितीतरी जास्त. तांदळातले खडे निवडणं सोपं, इथे खड्यांतून तांदूळ शोधायचाय!

क्वेसारच्या प्रकाशातली हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची रेषा रेडशिफ्ट (विश्व प्रसरण पावल्याने तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) ६ ला ८५० नॅनोमीटरपर्यंत सरकते. तिच्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो. त्यामुळे एका फिल्टरमध्ये दिसणारा ठिपका शेजारच्या फिल्टरमध्ये जवळजवळ गायब. तरीही वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड) घेतल्याशिवाय खात्री नाहीच. सुबारूवाल्यांनी २०१९ मध्ये असे ८३ नवे क्वेसार जाहीर केले, ते या चिकाटीवर.

मंदच कशाला हवेत? विश्व जेमतेम ६७ कोटी वर्षांचं असताना १६० कोटी सूर्यांइतकं वजनदार कृष्णविवर असलेला झगझगीत क्वेसार २०२१ मध्ये सापडला. असल्या अपवादांवरून सर्वसाधारण कृष्णविवरं कशी वाढली ते कसं कळणार?

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेत जाणाऱ्यांनी हे रंगांचं गणित तिथे जरूर विचारावं. (पार्किंगचं विचारू नये.) आणि लेखकमहाशय, पुढच्या भागात नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरही लिहा. तिने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या सर्वेक्षणातून दूरचे रेडिओ स्रोत हुडकतात, आणि निम्म्या पुण्याला त्याचा पत्ता नाही.