मिझुरीचे ७१ टक्के नक्की कशाला 'नको' म्हणाले?

ओबामांच्या आरोग्य कायद्याचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: 'अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात ७१ टक्के लोकांनी मत देऊन सांगितलं, आरोग्यात सरकार नको. ओबामाकेअर जनतेनेच गाडलं.' यातला आकडा खरा आहे. बाकीचं तपासून घ्यावं लागेल.

मतदान झालं ३ ऑगस्ट २०१० रोजी. ती सार्वत्रिक निवडणूक नव्हती, पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी होती. तीन चतुर्थांश मतदार तिकडे फिरकलेच नाहीत, आणि जे आले त्यांत रिपब्लिकन मतपत्रिका घेणारे डेमोक्रॅटांपेक्षा कितीतरी जास्त. तरी नुसत्या रिपब्लिकन मतांवर ७१ टक्के होत नाहीत. विम्याची सक्ती, म्हणजे आरोग्यविमा घ्या नाहीतर दंड भरा ही या कायद्यातली अट, बऱ्याच डेमोक्रॅटांनाही खटकली होती, हे कबूल केलंच पाहिजे. खुद्द ओबामांनी २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन यांच्या योजनेतल्या याच सक्तीला विरोध केला होता.

आता मतपत्रिकेवरचा प्रश्न. खाजगी आरोग्यविमा घ्यायला नकार देणाऱ्याला दंड करण्याचा सरकारचा अधिकार नाकारायचा का, आणि रोख पैसे मोजून उपचार घेण्याचा हक्क अबाधित ठेवायचा का, असं विचारलं होतं. त्यालाच जोडून काही विमा कंपन्या गुंडाळण्याच्या नियमांतला बदलही होता! हे शेपूट किती जणांनी वाचलं, देव जाणे. पण मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी विमा योजना, विम्याच्या हप्त्याला मिळणारी सरकारी मदत, जुनं दुखणं असलेल्याला विमा नाकारण्यावरची बंदी, यांतलं काहीच विचारलेलं नव्हतं. मग या गोष्टींवरचं 'नको' त्या ७१ टक्क्यांत आलं कुठून?

ते कळायला दहा वर्षं पुढे या. ४ ऑगस्ट २०२०, तीच मिझुरी, पुन्हा ऑगस्टचीच प्राथमिक फेरी. या वेळी प्रश्न होता ओबामांच्याच कायद्यातल्या मेडिकेड विस्ताराचा, म्हणजे सरळसरळ सरकारी पैशातून मिळणाऱ्या संरक्षणाचा. सुमारे ५३ टक्के लोक 'हो' म्हणाले आणि विस्तार थेट मिझुरी राज्याच्या घटनेत गेला. ओक्लाहोमा राज्यातही तेच: २०१० मध्ये सक्तीविरुद्ध दणदणीत कौल, २०२० मध्ये मेडिकेडला होकार, अगदी निसटता का होईना. दोन्ही वेळचे मतदार तेच नव्हते, मान्य. पण आरोग्यात सरकारच नको असलेली राज्यं असं मत देत नाहीत.

'जनतेनेच गाडलं' हे तर घडलेलंच नाही. राज्याचा कायदा संघराज्याच्या कायद्यावर मात करू शकत नाही. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा दंड कर म्हणून वैध ठरवला आणि २०१४ पासून सक्ती मिझुरीतही लागू झाली. दंड शून्यावर आणला तो डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, करकपातीच्या कायद्यातून, २०१९ पासून. बाकीचा बहुतेक कायदा अजून उभा आहे. शिवाय नोव्हेंबर २०१० मध्ये कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी अशीच सक्तीविरोधी दुरुस्ती फेटाळली होती. तिचं नाव हा दावा करणारे कधी घेत नाहीत.

जोडीला 'विमा नाही घेतला तर तुरुंग' हेही येतं. साफ खोटं. दंड न भरल्याबद्दल फौजदारी खटला भरायला किंवा मालमत्तेवर टाच आणायला कायद्यानेच मनाई होती. २०१६ मध्ये दंड होता दर प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांतला जो जास्त असेल तो. भरला नाही तर कर खात्याच्या हातात मुख्यतः एवढंच, की परताव्यातून कापून घ्यायचा.

राहिलं 'हे डाव्यांचं खूळ'. १९८९ मध्ये विमासक्तीची ही कल्पना मांडली होती हेरिटेज फाउंडेशन या उजव्या संस्थेने. मॅसॅच्युसेट्समध्ये ती २००६ साली कायद्यात आणली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या सहीने, आणि तिथली सक्ती केंद्राचा दंड शून्य झाल्यावरही दंडासकट चालूच राहिली.