जार्नाकने दगा केला नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जार्नाक आणि ला शातेन्येरे या सोळाव्या शतकातल्या दोन फ्रेंच सरदारांच्या द्वंद्वावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जार्नाकबद्दल लिहिलंत, "समोरासमोर जिंकायची ताकद नव्हती म्हणून गुडघ्यामागे वार करून दगा केला, आणि तुम्ही त्याला युक्ती म्हणून मिरवताय. आयुष्यात काठी न धरलेल्यांनी अशा विषयांवर लिहू नये." मतभेदाला माझी ना नाही. पण ही भाषा कशासाठी? ओळख ना पाळख, आणि समोरच्याच्या आयुष्याचा निकाल एका ओळीत लावून मोकळे झालात.

लेखाच्या मथळ्यात जार्नाकसाठी वापरलेला 'दुबळा' हा शब्द भडक होता, एवढं मान्य. जार्नाक चांगला सरदार घराण्यातला होता. मथळा बदलतो.

आता 'दगा'. ही लढत १० जुलै १५४७ रोजी सां-जेर्मां-आं-ले इथे, फ्रान्सचा राजा दुसरा आंरी याच्या डोळ्यांदेखत झाली. जार्नाक आणि त्याची सावत्र आई यांच्याबद्दलची कुजबुज आंरी युवराज असताना त्याच्याच तोंडून पसरली होती. ला शातेन्येरेने ती युवराजाऐवजी आपल्या अंगावर घेतली, म्हणून द्वंद्व या दोघांत ठरलं. आधीच्या राजाने ही लढत होऊ दिली नव्हती, आंरी गादीवर आला आणि लगेच परवानगी मिळाली. दरबार कुणाच्या बाजूचा होता हे वेगळं सांगायला नको. ला शातेन्येरे नावाजलेला तलवारबाज, कुस्तीतही तयार. विजयाची मेजवानीसुद्धा त्याने आधीच मांडून ठेवली होती.

शस्त्रं निवडायचा हक्क मात्र जार्नाकचा होता आणि तो त्याने पुरेपूर वापरला. दोघांच्याही डाव्या हाताला कोपरात न वाकणारं कवच हवं, असा त्याने हट्ट धरला. त्यावरून बराच वाद झाला, शेवटी ते मान्य झालं. झालं, पैलवानाची मिठी तिथेच बाद! त्याआधी एका इटालियन वस्तादाकडून त्याने एक डाव घोटून घेतला होता. वार डोक्यावर येतोय असं भासवायचं, समोरच्याची ढाल वर गेली की उघड्या पडलेल्या पायावर तलवार फिरवायची. पहिला वार हलका बसला, दुसऱ्याने डाव्या गुडघ्यामागची शीर तुटली. यात नियम कुठला मोडला? तो तुम्ही सांगितलेला नाही, नुसता शिक्का मारलाय. आणि दगाबाज माणूस आडव्या पडलेल्या शत्रूला तिथेच संपवतो. जार्नाक राजाकडे वळून, याला तुमच्या स्वाधीन करतो, स्वीकारा, असं पुन्हा पुन्हा विनवत राहिला. राजाच गप्प बसून होता. पुढे ला शातेन्येरेने जखमेच्या पट्ट्या स्वतः उपटून काढल्या आणि त्यात तो गेला. त्याचं खापर जार्नाकवर फोडायचं?

राहिली काठी. मी कोल्हापूरच्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकलोय. लाठी, पट्टा, फरीगदगा, सगळं. माझ्याहून हातभर उंच गड्यासमोर वस्तादांनी मला उभं केलं, तेव्हा पहिला फटका खांद्यावर बसून हात बधिर झाला होता. वस्ताद ओरडले, "हाताकडं काय बघतोस, पाय बघ त्याचा!" मी डोक्यावर हूल दिली, त्याची काठी वर गेली, आणि माझी त्याच्या पोटरीवर बसली. रिंगणात एकानेही 'दगा' म्हटलं नाही. उलट त्या गड्यानेच नंतर मला तो फटका पुन्हा करून दाखवायला लावला. तेव्हा काठी कुणी धरली आणि कुणी नाही, हे जरा विचारून लिहीत चला.

आता तुमचा दुसरा आक्षेप. स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्नच्या लढाईत, २३ जून १३१४ रोजी, हलक्या घोड्यावरच्या स्कॉटिश राजा रॉबर्ट ब्रूसने भाला रोखून आलेल्या हेन्री डी बोहन या इंग्रज सरदाराला कुऱ्हाडीने मारलं, ते 'नुसतं नशीब' असं तुमचं म्हणणं. भाला अंगावर येत असताना नेमक्या क्षणी घोडा बाजूला काढणं हे नशीब असेल, तर मग बोलणंच खुंटलं.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. जार्नाकने मोडलेला नियम सापडला तर जरूर लिहा. माझ्या हातातल्या काठीचा विषय मात्र इथे संपला.